स्वायत्ततेची कसोटी

निवडून आलेले सरकार असताना निवडणूक आयोगासारख्या स्वायत्त संस्था कशाला, असा प्रश्न कार्यकर्ते मला विचारतात. माझे उत्तर असे की, ज्याला निवडून यायचे आहे त्याच्याच हाती मतदारयादी ठेवता येत नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. पाणवठ्यावर, जमिनीत, मंदिरात विषमता असते. पण मतमोजणीत पाटलाचे मत आणि आपले मत यांची किंमत सारखीच असते. मात्र त्यासाठी आधी यादीत नाव असावे लागते.

१५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत याच मुद्द्यावर बोट ठेवले. मूळ मसुद्यात प्रांतांसाठी वेगळे निवडणूक आयोग होते. परंतु काही प्रांतांत वंशाने, भाषेने, संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना यादीबाहेर ठेवले जात होते. म्हणून त्यांनी प्रांतिक सरकारांच्या कह्याबाहेरचा एकच आयोग सुचविला. तेच आजचे ३२४ वे कलम.

या कलमाने मुख्य आयुक्ताला पदावरून दूर करणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करण्याइतके अवघड केले. पण नेमणुकीचे काय? नेमणुकीला संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताची संमती असावी, अशी शिब्बनलाल सक्सेना यांची सूचना होती. मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाऊ नये यासाठी मसुद्यात तरतूद नाही, हे बाबासाहेबांनी १६ जूनला मोकळेपणाने मान्य केले. अखेर नेमणुकीची पद्धत संसदेच्या कायद्यावर सोपविली गेली.

तो कायदा व्हायला २०२३ साल उजाडले. त्या वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणूक व्हावी, असा निकाल दिला. डिसेंबरच्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचविलेला केंद्रीय मंत्री आणला. म्हणजे निवड करणाऱ्या तिघांत दोघे सरकारचे झाले. बाबासाहेबांनी कबूल केलेली उणीव तशीच राहिली.

तेव्हा कोणतीही संस्था स्वायत्त म्हणविली गेली, की तीन प्रश्न विचारावेत. तिला नेमतो कोण? काढू शकतो कोण? आणि ती आपल्या निर्णयाची कारणे कोणाला देते? तिसरा प्रश्न वस्तीतूनच विचारता येतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे २२ वे कलम सांगते की, माणूस तेथे राहत नाही किंवा अपात्र आहे म्हणून नाव वगळायचे असेल, तर त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. कार्यकर्त्यांनी यादी घेऊन घरोघर जावे. वगळलेल्या प्रत्येक नावाचे कारण मागावे.