पहिल्या टूडी इकोवर निकाल नको

हार्ट अटॅक येतो, तातडीने अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टूडी इकोचा रिपोर्ट येतो: ईएफ ३५ टक्के. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं, तो हा आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. ब्लॉक निघाला, मग पंपिंग कमी कसं, या प्रश्नाने घरचे हादरतात. पण इतक्या लवकर आलेला आकडा कायमचा मानू नये. रक्त अडलं की स्नायू आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे मरत जातो, हे रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७० च्या दशकात कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवलं. मेलेल्या भागात व्रण तयार होतो. तो पुन्हा आकुंचन पावत नाही. त्याच्या शेजारचा, वेळेत रक्त मिळालेला स्नायू मात्र जिवंत असूनही बधिर पडतो आणि सावरायला काही दिवस, कधी काही आठवडे घेतो. ब्राऊनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ मध्ये या अवस्थेकडे डॉक्टरांचं लक्ष वेधलं. साध्या इकोच्या पडद्यावर मेलेली भिंत आणि बधिर भिंत दोन्ही सारख्याच निश्चल दिसतात, आणि घोळ होतो तो इथेच.

कुणी म्हणेल, स्नायू असा सावरतो, तर नळी कधीही उघडली तरी चालेल. तसं नाही. अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांनी, स्थिर रुग्णांची पूर्ण बंद नळी उघडून पाहणाऱ्या ‘ओएटी’ चाचणीत (२००६) मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा हार्ट फेल्युअर कमी झालं नाही. अटॅकच्या वेळी मिनिटं मोजायची ती म्हणूनच. जुनाट ब्लॉकमुळे स्नायू अर्धवट निजलेला असतो, तो स्टेंटने जागा होईल, ही आशाही ७०० रुग्णांच्या ‘रिवाइव्ह्ड’ चाचणीत (२०२२) फळली नाही. चांगली औषधं स्टेंट बसवलेल्या आणि न बसवलेल्या, दोन्ही गटांना होती आणि ईएफ दोन्हीकडे जवळपास सारखाच राहिला. बायपासची गोष्ट थोडी वेगळी: ‘स्टिच’ चाचणीत दहा वर्षांनी बायपास झालेल्यांमध्ये फक्त औषधांवरच्या रुग्णांपेक्षा मृत्यू कमी होते. त्यामुळे जुनाट ब्लॉक असलेल्या रुग्णाला सरसकट एकच सल्ला देता येत नाही.

अटॅकमध्ये वेळेत स्टेंट बसला, तरी ‘ब्लॉक गेला, आता गोळ्या कशाला’ हे म्हणणं धोक्याचं ठरतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आणि ईएफ कमी असताना दिलेली बाकीची औषधं हृदयाला फुगण्यापासून वाचवतात. बधिर स्नायूला सावरायला वेळ मिळावा म्हणून इको पुन्हा करायचा तो सहा आठवडे ते तीन महिन्यांनी. छातीत आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं यंत्र, बसवायचं की नाही, हेही म्हणूनच सहसा अटॅकनंतर किमान ४० दिवस, आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर तीन महिने थांबून, नव्या ईएफवरून ठरवतात.