सुरगाण्यातली करोना चाचणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुजरातच्या सीमेला लागून असलेला नाशिक जिल्ह्यातला सुरगाणा हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका. 2011 च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यात बहुसंख्य कोकणा, महादेव कोळी आणि वारली कुटुंबं, डोंगरातल्या पाड्यांवर विखुरलेली. अशा भागातल्या करोना चाचण्यांबद्दलचे तीन समज तपासले, तर एक गोष्ट स्पष्ट होते : चाचणी ही शेवटची पायरी असते आणि तिच्याआधीच्या सगळ्या पायऱ्या गावपातळीवरची आरोग्यसेवा बांधते.

गैरसमज : रुग्ण कमी सापडले, म्हणजे साथ पोहोचलीच नाही.

रुग्णांचा आकडा चाचण्यांवर अवलंबून असतो. आरटीपीसीआर चाचणीचा नमुना थंड पेटीतून दूरच्या प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि अहवालाची वाट पाहावी लागते. जून 2020 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मान्यता दिलेली अँटिजेन चाचणी अर्ध्या तासात निकाल देते, म्हणून ती उपकेंद्रावरही करता येते. पण आयसीएमआरच्याच पडताळणीत या चाचणीच्या किटने बाधितांपैकी 50.6 ते 84 टक्केच ओळखले होते. म्हणजे शंभर बाधितांमागे सोळा ते एकोणपन्नास जण ‘निगेटिव्ह’ ठरू शकतात. म्हणूनच लक्षणं असूनही अहवाल निगेटिव्ह आला, तर आरटीपीसीआर करावी, असा नियम होता. तो पाळायचा तर त्या घरी पुन्हा कुणीतरी जायला हवं, ताप उतरला का हे विचारायला हवं. हे काम किट करत नाही.

गैरसमज : आदिवासी अडाणी, म्हणून चाचणीला घाबरले.

अफवा होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या शहरांतल्या शिकलेल्या घरांतही होत्या. सुरगाण्यातली अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. तेव्हा अहवाल पॉझिटिव्ह आला की सगळं घर विलगीकरणात आणि रोजंदारी बंद. त्यातच आजारी माणसाला दूरच्या दवाखान्यात एकट्याने राहावं लागणार. हातावर पोट असलेल्या माणसाने चाचणी टाळणं हा अडाणीपणा नसून त्याने मांडलेला हिशोब होता. केवळ पोस्टर लावून तो बदलत नाही. घरातल्या बोलीत बोलणारी, गरोदर सून आणि दमा असलेले आजोबा कोणत्या घरात आहेत हे जाणणारी बाई समजावते, तेव्हा तो बदलू शकतो. केंद्राने 16 मे 2021 रोजी ग्रामीण व आदिवासी भागांसाठी काढलेल्या सूचनांतही ‘आशा’ या गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत पाहणी, उपकेंद्रावर अँटिजेन किट आणि रुग्णाच्या घरी वापरण्यापुरता ऑक्सिमीटर हीच मांडणी होती.

गैरसमज : आशांनी नुसते कागद भरले.

15 सप्टेंबर 2020 पासून राबवलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशांच्या मदतीने घरोघरी तापमान आणि ऑक्सिजन तपासला गेला, मधुमेह-रक्तदाबाची चौकशी झाली. करोनात दम लागण्याआधीच ऑक्सिजन घसरू शकतो, म्हणून ओट्यावर बसून घेतलेलं ते माप रुग्णाला वेळेत दवाखान्यात पोहोचवू शकत होतं. अशा मोहिमांत घाईने आकडे भरले जातात, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं कारण मात्र कामाच्या रचनेत शोधायला हवं. आशा ही पगारी कर्मचारी नाही, तिला कामागणिक मोबदला मिळतो. करोनाच्या कामासाठी केंद्राने तिला महिन्याला 1,000 रुपये जास्तीचे दिले. जून 2021 मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला, तेव्हा मानधनात वाढ मान्य झाली. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा सन्मान केला, पण सन्मानाने घर चालत नाही.

पुढच्या साथीची तयारी फक्त किटच्या साठ्याने होणार नाही. उपकेंद्रावर प्रशिक्षित माणूस हवा, विलगीकरणात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई हवी आणि आशांना नियमित वेतन हवं. याच आशा आणि आरोग्यसेविका एरवी क्षयरोग, हिवताप, लसीकरण सांभाळतात. त्या साध्या दिवसांत त्यांनी कमावलेला विश्वासच साथीच्या दिवसांत माणसाला चाचणीपर्यंत आणतो, म्हणून खर्चही त्या साध्या दिवसांतच करायला हवा.