पुडा उलटा करा, मग पैसे द्या



आपली गाडी काट्यावर चढली की भरलेले वजन, रिकामे वजन आणि निव्वळ वजन आपण पावतीवर दोनदा तपासतो. फरक वाटला तर विचारल्याशिवाय जागचे हलत नाही. पण बाजारात पोरांसाठी बिस्किटाचा पुडा घेताना त्याची मागची बाजू किती जण वाचतात? म्हणून या अंकात आम्ही पुड्यातल्या फॅटविषयी, म्हणजे स्निग्ध पदार्थांविषयी, चार शब्द लिहीत आहोत.

तेल-तूप शरीराला हवेच. पण त्यातल्या दोन प्रकारांपासून जपायला हवे. पहिला ट्रान्स फॅट. पातळ तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून ते घट्ट करतात. वनस्पती तूप तयार झाले ते असेच. ही प्रक्रिया अर्धवट झाली की ट्रान्स फॅट तयार होते. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले कमी करते आणि हृदयविकाराला वाट करून देते. दुसरा सॅच्युरेटेड फॅट. पाम तेलात तो जवळजवळ निम्मा असतो. तोही वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो.

१ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात कारखानी ट्रान्स फॅटवर एकूण फॅटच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे. चांगले झाले. पण ट्रान्स फॅट शून्य म्हणजे माल निर्धोक, असे समजू नये. त्याच पुड्यात सॅच्युरेटेड फॅट भरपूर असू शकते.

पुढच्या बाजूवर 'कोलेस्टेरॉल नाही' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. अहो, वनस्पतीच्या तेलात ते मुळातच नसल्यासारखे असते. त्यात बढाई कसली? तेव्हा पुडा उलटा करा आणि एवढे बघा :

१) घटकांची यादी : ज्याचे वजन जास्त, त्याचे नाव आधी. 'हायड्रोजनेटेड', 'वनस्पती', 'पाम', 'पामोलिन' हे शब्द सुरुवातीलाच दिसले तर सावध व्हा.

२) तक्ता : आकडे १०० ग्रॅमचे आहेत की दोन-तीन बिस्किटांचे, ते आधी पाहा. लहान आकड्याला भुलू नका.

३) हिशेब : दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम आणि ट्रान्स फॅट २ ग्रॅम ही वरची मर्यादा. समजा १०० ग्रॅमला ११ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट लिहिले आहे. तेवढा पुडा एकट्याने संपवला की दिवसाचा निम्मा वाटा तिथेच संपला. घरचे दूध-तूप अजून मोजायचेच आहे.

सुट्या मालाचे काय? हंगामात गाड्यांची रांग लागली की आपण चहा-खारीवर वेळ काढतो. त्या खारीला छापील कागद नसतो. बेकरीवाल्याला सरळ विचारावे, "कशात केलीस बाबा?" नीट उत्तर मिळाले नाही तर खिशात मूठभर भाजलेले शेंगदाणे नाहीतर फुटाणे ठेवावेत.

आणि बारीक अक्षर दिसत नसेल तर संकोच कसला? सोबतच्या नातवाला वाचायला लावावे. त्यालाही सवय लागेल.