मोंतेर्कीची गर्भार मरिया

मोंतेर्की (इटली) : फ्लॉरेन्सला आलेला पाहुणा उफिझी कलादालनाच्या रांगेत अर्धा दिवस घालवतो. या खेपेला मी ती रांग सोडली आणि अरेत्सोहून बसनं टेकडीवरच्या या गावात आलो. वस्ती दोन हजारांच्याही आत. जुन्या शाळेच्या इमारतीत एका चित्राचं संग्रहालय आहे. तिकीट सगळ्यांना, गरोदर बायकांना माफ.

ही माफी कशासाठी, ते आत गेल्यावर कळतं. पंधराव्या शतकाच्या मध्यास पिएरो देल्ला फ्रांचेस्कानं ही ‘मदोन्ना देल पार्तो’, म्हणजे बाळंतपणाची माउली, रंगवली. पिएरो जवळच्या सानसेपोल्क्रोचा. मोंतेर्की त्याचं आजोळ. चित्रात दोन देवदूत तंबूची कनात दोन्ही बाजूंना सारून उभे आहेत. एकाचा झगा हिरवा, दुसऱ्याचा तांबडा; पण खाका एकच, तोच उलटा करून वापरलेला. मधोमध मरिया, दिवस भरत आलेली. पोट मावेना म्हणून निळ्या झग्याची पुढची शिवण सोडलेली आणि आतलं पांढरं कापड दिसतंय. उजवा हात त्या फटीवर, डावा कमरेवर.

तोस्कानातल्या आधीच्या चित्रकारांनीही गर्भार मरिया काढली होती, पण तिच्या पोटाशी बहुधा मिटलेलं पुस्तक असे: देवाचा शब्द देह धरतो आहे, ही खूण. पिएरोनं पुस्तक काढून नुसता हात ठेवला. त्या काळच्या धर्मचित्रांत मरिया देवदूतापुढे लवते, बाळापुढे गुडघे टेकते, क्रुसाखाली कोसळते. इथं ती ताठ उभी आहे, स्वतःच्याच विचारात. पुढं त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर अशी चित्रं चर्चला प्रशस्त वाटेनाशी झाली.

गावातल्या बायकांना त्याचं काही नव्हतं. चित्र मूळचं गावाबाहेरच्या चर्चमधलं. पुढं तिथं दफनभूमी झाली, तरी सुखरूप सुटकेचं मागणं घेऊन त्या येतच राहिल्या. १९९२ साली चित्र साफसफाईसाठी हलवलं आणि ते शाळेतच राहिलं. मग वाद पेटला: ती पूजेची की पाहण्याची? नगरपालिका, धर्मप्रांत, सरकार, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. इटलीत कलेवरून अशी भांडणं गावोगाव आहेत, कारण इथली निम्मी कला देवळांतूनच आलेली.

तिकीटखिडकीनं मात्र आपल्यापुरता निकाल लावलाय. जिचं मरियेकडे काम आहे, तिला पैसे पडत नाहीत. नुसतं बघायला आलेल्यानं मोजावेत. मी मोजले.