प्रेक्षक नसलेले मत्स्यालय

नाशिकहून मुंबईची सहल निघाली की राणीची बाग आणि तारापोरवाला मत्स्यालय ही ठिकाणे ठरलेलीच असत. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे दोन्हींची दारे बंद झाली. चित्रपटगृह बंद करताना यंत्र थांबवून दिवे मालवता येतात. मत्स्यालयाचे तसे का करता येत नाही?

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर समुद्राच्या पाण्यात मात्र जेमतेम ७ मिलिग्रॅम विरघळतो. मासे तो सतत वापरतात आणि पृष्ठभागावरून नवा प्राणवायू फार सावकाश मुरतो, म्हणून पंपाने पाणी खेळते ठेवावे लागते. शिवाय माशांच्या उत्सर्गातून विषारी अमोनिया येतो. गाळणीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट बनवतात. या जिवाणूंनाही प्राणवायूच लागतो! पंप काही तास थांबला तर मासे आणि त्यांचे हे सफाई कामगार दोघेही गुदमरतात. जिवाणूंची नवी वसाहत उभी राहायला मग काही आठवडे जातात.

राणीच्या बागेतील हम्बोल्ट पेंग्विनांचा कक्ष १६ ते १८ अंशांवर ठेवतात. बाहेर ३४ अंश असताना भिंतींतून आत शिरणारी उष्णता ठरते ती तापमानांतील फरकावर, तिकिटे किती खपली यावर नव्हे. (शांत उभा असलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो, प्रेक्षक नसल्याची बचत काय ती तेवढीच.) म्हणजे खर्च तसाच आणि गल्ला रिकामा. बाग महापालिकेची, म्हणून निभावले. दार बंद असतानाच २०२१ मध्ये तेथे पेंग्विनांची पिल्लेही जन्मली.

दार उघडणेही सोपे नव्हते. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील एका वाघिणीला कोविड झाल्याचे आढळले. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या आठ सिंहांना. रोग माणसाकडून प्राण्याकडेही जातो, तेव्हा मुखपट्टी केवळ प्रेक्षकांसाठी नव्हती. राणीची बाग फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडली, एप्रिलमध्ये मिटली आणि १ नोव्हेंबरला पुन्हा उघडली.

१९५१ सालचे तारापोरवाला मात्र त्यानंतर उघडले नाही. त्याची इमारतच धोकादायक ठरली. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात; गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटू लागते. ते काम टाळेबंदीतही थांबत नाही.

तुमच्या घरी माशांची काचपेटी असेल आणि वीज गेली, तर तांब्याभर पाणी त्यातूनच काढून वीतभर उंचीवरून पुन्हा आत ओतत राहा. धार जितकी फुटेल तितकी हवा अधिक मुरेल. तोवर माशांना खाऊ मात्र घालू नका.