खटका दाबला आणि…
२००३ साली कॅननचा ‘ईओएस ३००डी’ आला. ६३ लाख पिक्सेल, चंदेरी प्लॅस्टिकचं अंग. म्हणून हलका आणि हजार डॉलरच्या आतला. पुढे आमच्या स्टुडिओत यांनी तो सेकंडहॅण्ड घेतला. मी तेव्हा नुसती बॅग सांभाळायचे.

मैत्रिणींनो, मागच्या इवल्याशा पडद्यावर चित्र दिसायचं ते फोटो काढल्यावरच! आधी खिडकीला डोळा लावायचा. खटका दाबला की आतला आरसा वर उडायचा नि फोटो निघायचा.

एका हळदीला बायका यांच्यासमोर अवघडल्या. नवरीची आईच म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्ही काढा!’’ हात थरथरले. पण रोल वाया जायची भीती नव्हती; चुकला तर पुसायचा. बायका मोकळेपणी हसल्या.

पुढच्या लग्नाचं बोलावणं आलं ते, ‘‘वहिनींनाच पाठवा,’’ असं!