जुन्या छायाचित्राचा मालक कोण?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. त्या वेळी वर्तमानपत्रात आलेले पुराचे एखादे छायाचित्र आपल्याला या वार्षिक अंकात छापावयाचे आहे, असे समजा. कोणीही मित्र म्हणेल, "अरे, साठ वर्षे होऊन गेली. आता ते सर्वांचेच!" हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

शेताचा मालक पाहावयाचा तर सात-बारा काढता येतो. छायाचित्राला सात-बारा नसतो. म्हणून त्याला काही प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : ते प्रथम केव्हा प्रसिद्ध झाले? १९५७ च्या कायद्याने छायाचित्राचा स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट, प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ५० वर्षे ठेवला होता. १९९२ च्या दुरुस्तीने ती मुदत ६० वर्षे झाली. पुढे २०१२ मध्ये छायाचित्रांचे हे वेगळे कलमच काढून टाकण्यात आले आणि लेखकाप्रमाणे छायाचित्रकारालाही हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क मिळाला. मात्र जो हक्क आधीच संपला होता, तो पुन्हा जिवंत झाला नाही. म्हणून १९५१ अखेरपर्यंत आपल्या देशात प्रसिद्ध झालेली छायाचित्रे आज मुक्त आहेत. २६ जानेवारी १९५० च्या सोहळ्याचे त्याच वर्षी छापलेले छायाचित्र २०१० अखेरीस मुक्त झाले. १९६१ चे छायाचित्र मात्र २०१२ साली हक्काखालीच होते.

दुसरा प्रश्न : ते कोणी काढले? छायाचित्राखाली नाव असेल, तर त्या व्यक्तीच्या मृत्यूचे वर्ष शोधावे लागते. समजा, छायाचित्रकार १९९० साली वारला; तर हक्क २०५० अखेरपर्यंत चालेल. नाव छापलेलेच नसेल आणि पुढेही उघड झाले नसेल, तर प्रसिद्धीपासूनची ६० वर्षे मोजतात. म्हणजे पानशेतचे निनावी छायाचित्र २०२१ अखेरीस मुक्त झाले. पूर एकच, दिवस एकच, पण निकाल दोन!

तिसरा प्रश्न : हक्क शिल्लक असेल, तर परवानगी कोणाची घ्यावयाची? छायाचित्रकार वर्तमानपत्राचा पगारी नोकर असेल आणि वेगळा करार नसेल, तर वर्तमानपत्रात वा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क वर्तमानपत्राच्या मालकाचा असतो. इतर बाबतींत, उदाहरणार्थ पुस्तकासाठी, तो छायाचित्रकाराचाच राहतो. त्याच्या पश्चात वारसांना विचारावे लागते. बाहेरच्या छायाचित्रकाराचे चित्र असेल, तर त्याच्याशी काय ठरले होते ते पाहावे लागते.

या साऱ्या हिशेबात एक गोष्ट मनाला लागते. पुराच्या पाण्यात उभे राहून ज्याने छायाचित्र काढले, पण ज्याचे नाव कोणी छापले नाही, त्याचाच हक्क आधी संपतो. नावाची एक बारीक ओळ गाळली, की माणसाच्या श्रमाचा पुरावाच नाहीसा होतो. ज्यांची नावे कधी छापून येत नाहीत अशा घरांतून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा जुने छायाचित्र घेताना चौकशी करूया. आणि आपल्या अंकातील प्रत्येक छायाचित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव व वर्ष न चुकता छापूया. साठ वर्षांनी कोणी शोधू लागला, तर त्याला ते सापडले पाहिजे.